आजन्म परवाना

पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं वजनं लिहिली मी.
केळीच्या वॅगनी, तुपाचे डबे, एकदा तर सर्कशीचं आजारी अस्वल.
किलोमागे भाडं किती, हे मला कुणी शिकवू नये.
म्हणून डोरिनच्या मोबाइलवर
वाइनच्या बाटल्यांखाली बारीक अक्षरांत दिसलं,
‘सहा घेतल्यास घरपोच मोफत’,
तेव्हा चष्मा पुसून मी आधी भागाकार केला.

दोघींना सहा जास्त.
तिसरी हवी. शैला नेहते तयार झाली,
अट एकच, मुलाला कळता कामा नये.
तिच्या दोन बाटल्या उडदाच्या पापडांच्या डब्यामागे
जुन्या परकराच्या घडीत उभ्या राहतील.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता.
नाताळाआधी सहा आठवडे डोरिन मनुका भिजवायची
लोणच्याच्या बरणीत, रेल्वे क्वार्टरच्या मोरीशेजारी,
आणि पंचवीस तारखेला आम्हाला अर्धा अर्धा पेला.
खर्च: मनुका, साखर, चिमूटभर यीस्ट,
रात्री उठून झाकण सैल करणं.
आता तिला बरणी उचलत नाही.

स्वस्तात घ्यायचं तर घाई नको.
बाटल्या टोपलीत टाकायच्या आणि निघून यायचं.
भरताची वांगी हातात घेऊन, भाव ऐकून
परत ठेवतो ना आपण, तसं.
दोन पावलं गेलं की मागून हाक येतेच,
‘ओ माय, ये ना इकडे, घेऊन जाय.’
हाक तिसऱ्या दिवशी आली, रात्री पावणेअकराला:
‘तुम्ही काही विसरलात का?’ सोबत दहा टक्के.
मी उत्तर दिलं नाही.
पाचव्या दिवशी पंधरा.
डोरिन म्हणाली, आता घे, नाहीतर हाक मारणारा झोपेल.

आणि वैशाखात मागवू नये, कितीही सूट असो.
सूट असते ती त्यासाठीच.
सेहेचाळीस डिग्रीत कुरिअरचा टेम्पो
भुसावळच्या पुलाखाली दुपारभर उभा,
आत द्राक्षांचा काढा.
मी हिरवीगार चढवलेली केळी पाहिली आहेत,
दिल्लीला उतरली ती कुणी हात लावेना अशी.
म्हणून पौषात. थंडीत माल शहाणा राहतो.

सगळं जमलं. तिघींत भाग झाले,
रिकाम्या बाटल्यांचे भंगारवाल्याकडचे
दोन-दोन रुपयेही मी जमेला धरले.
मग पडद्यावर प्रश्न आला: परवाना?
एक वर्षाचा, की आजन्म?
आजन्म म्हणजे वर्षाच्या दहापट.

सोपं गणित. दहा वर्षं प्यायलो तर बरोबरी,
अकराव्यापासून फुकट.
मी एकोणसत्तर. डोरिन चौऱ्याहत्तर,
तिचे गुडघे, तिची साखर,
गेल्या जूनमधली ती रात्र, रेल्वे हॉस्पिटलचं बाकडं.
पेन्सिल थांबली.
एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं
की आकडा समोर आहे आणि लिहावासा वाटत नाही.

‘काय वं इंदू, किती वाचले?’ शैला विचारत होती.
डोरिनने तोवर बोट टेकवलं होतं.
आजन्म. आधी तिचा, मग न विचारता माझा.
‘तोट्यात जाशील,’ मी म्हटलं.
‘तेव्हा हिशेब तूच लिहिशील ना,’ ती म्हणाली.
(शैलाने वर्षाचाच घेतला. ईमेल मुलाचा होता.)

गुरुवारी पोरगा आला, खोका प्रत्येक पायरीवर टेकवत.
‘आजी, ओटीपी.’
‘थांब जरा,’ म्हटलं, आणि आतून काटा आणला.
आत डोरिन स्टीलचे पेले विसळत होती.
सात किलो आठशे.
वहीत तारखेपुढे लिहिलं.
भाडं: शून्य.